मोरीतल्या मुंग्या आणि कागदाची पट्टी

पनवेलजवळच्या तळोजा फेज वनमधलं एखादं दोन खोल्यांचं घर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याची सुट्टी. घरात सात वर्षांची मुलगी. चौथ्या वर्षापासून तिचं अंथरूण कोरडं असायचं, पण गेल्या पंधरा दिवसांत चारदा ओलं झालं. दिवसाही सारखी शूला पळते आणि परत आली की माठाशी उभी. आजीचं निदान तयार असतं: “उन्हाळी लागलीय पोरीला.” धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. आईला वाटतं, नव्या घरात अजून रुळली नाही. शेजारीण टँकरच्या पाण्याला दोष देते. बाबा फर्मान काढतात, संध्याकाळी सातनंतर पाणी बंद.

मोरीच्या कोपऱ्यात मात्र दोन दिवस मुंग्यांची रांग लागलेली असते. ती पुसून टाकली जाते.

या मुलीला काय झालं असावं? दोन शक्यता ठळक आहेत. एक, लघवीच्या मार्गात जंतूंनी ठाण मांडलं असेल. दोन, तिला मधुमेह झाला असेल. बाहेरून दोन्हींचं सोंग सारखं: सारखी लघवी, ओलं अंथरूण, कधी जळजळ, कधी पोटात दुखणं. आतला मामला मात्र अगदी वेगळा. पहिल्यात बहुधा एखादा दिवस हाताशी असतो. दुसऱ्यात किती वेळ उरलाय हे घरच्यांना कळतच नाही.

सम्प भरलेला, नळ कोरडे

मोठ्यांचा मधुमेह आता घरोघरी माहीत आहे. लहान मुलांचा बहुतेक वेळा वेगळा असतो, त्याला टाइप वन म्हणतात. गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अहवालात भारतातल्या विशीच्या आतल्या अशा मुलामुलींचा अंदाज सुमारे 2 लाख 29 हजार होता, जगात सर्वांत जास्त. तरीही “एवढ्याशा पोराला शुगर कशी असेल?” हा प्रश्न दवाखान्यातही ऐकू येतो.

इन्शुलिन काय करतं हे तळोज्यात समजावणं सोपं आहे. सोसायटीच्या तळात सम्प असतो. टँकर येतो, सम्प भरतो, पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि मग घराघरांत नळ वाहतो. पंप जळाला तर? टँकर येतच राहतात, सम्प काठोकाठ भरतो, रस्त्यावर पाणी वाहू लागतं आणि चौथ्या मजल्यावर प्यायला घोट नसतो. रक्त म्हणजे सम्प, साखर म्हणजे पाणी, शरीरातल्या पेशी म्हणजे फ्लॅट आणि इन्शुलिन म्हणजे पंप. रक्तात साखर तुडुंब, पेशी उपाशी.

रस्त्यावर वाहणारं पाणी म्हणजे लघवी. मूत्रपिंडं रक्त गाळतात तेव्हा त्यातली साखर परत ओढून घेतात. त्यांची ही ताकद रक्तातली साखर डेसिलिटरला सुमारे 180 मिलिग्रॅम होईपर्यंत पुरते. त्यापुढची साखर लघवीत सांडते आणि सांडताना पाणी बरोबर ओढून नेते, जसं मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. तहान ही इथे लघवीच्या मागून येते. मूल पाणी फार पितं म्हणून त्याला लघवी होते असं समजून पाणी तोडणारे बाबा नेमकी उलटी गोष्ट करत असतात.

मुंग्या साखरेसाठी आलेल्या. आयुर्वेदाच्या जुन्या आचार्यांनी अशा लघवीकडे मुंग्या धावतात हे टिपून ठेवलं होतं. ‘मधुमेह’ हे नावही त्या गोडव्यावरूनच पडलं.

ओल्या लाकडांचा धूर

पेशी उपाशी राहिल्या की शरीर चरबी जाळायला घेतं. गॅस संपल्यावर अंगणात ओली लाकडं पेटवावीत तसं ते असतं. आच मिळते, पण धूर फार. या धुराला कीटोन म्हणतात. थोडे कीटोन कडक उपासातही तयार होतात आणि त्याने काही बिघडत नाही. पण इन्शुलिन जवळजवळ संपलेलं असेल तर चरबी जाळण्याला लगामच राहत नाही आणि रक्त आम्ल होऊ लागतं. या अवस्थेला डॉक्टर ‘डायबेटिक कीटोॲसिडोसिस’, थोडक्यात डीकेए म्हणतात.

आम्ल बाहेर टाकायचा शरीराचा एक मार्ग म्हणजे श्वास. मूल खोल, लांब, न थांबता श्वास घेऊ लागतं, पळून आल्यासारखं; आणि ते पळालेलं नसतं. जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी 1874 मध्ये या श्वासाचं वर्णन केलं, आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सोबत उलट्या, पोटात कळा, गुंगी. तोंडाला एक वास येतो, पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा. तो ॲसिटोनचा असतो. रात्री खिडकी उघडली की एमआयडीसीतून रसायनांचा वास येतो ही तळोज्याच्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे, कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. अशा ठिकाणी घरात रसायनाचा वास आला तर बोट खिडकीकडे जाणार, मुलाच्या तोंडाकडे नाही.

गफलत इथेच होते. उलट्या आणि पोटदुखी दिसली की ‘पोट बिघडलंय’. धाप दिसली की ‘छाती भरलीय’, मग नेब्युलायझर. पोट फारच दुखलं तर अपेंडिक्सची शंका. प्रत्येक निदान वरवर पटणारं असतं. एक विसंगती मात्र सगळ्यांतून डोकावते: जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते. अंग सुकलंय, ओठ कोरडे पडलेत आणि तरीही लघवी भरपूर होतेय, असं दिसलं की बोट टोचून साखर बघायलाच हवी. ग्लुकोमीटर जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात असतो, बहुतेक वेळा आजोबांसाठी.

घाई कुठे, सबुरी कुठे

डीकेएचं मूल रुग्णालयात पोचवायला घाई हवी, उपचारात मात्र मोजूनमापून चालावं लागतं. नातेवाइकांना हे पटवणं डॉक्टरांना जड जातं. साखर 500 आहे ना, मग द्या इन्शुलिन आणि आणा खाली!

तसं करत नाहीत. आधी साधं सलाइन, वजनाच्या दर किलोमागे 10 ते 20 मिलिलिटर, साधारण अर्ध्या तासात. वीस किलोच्या मुलीला म्हणजे 200 ते 400 मिलिलिटर. उरलेली तूट 24 ते 48 तासांत हळूहळू भरतात. इन्शुलिन सलाइननंतर साधारण तासाभराने सुरू होतं, तेही शिरेतून थेंबाथेंबाने: किलोमागे ताशी 0.05 ते 0.1 युनिट, म्हणजे या मुलीला तासाला एक ते दोन युनिट. एकदम मोठा डोस द्यायचा नसतो. इन्शुलिन सुरू झालं की साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत शिरतं आणि रक्तातलं पोटॅशियम घसरतं. हृदयाचे ठोके त्यावर चालतात, म्हणून ते सलाइनमधून भरून द्यावं लागतं.

साखर 250-300 वर आली की सलाइनमध्ये ग्लुकोज मिसळतात. इथे नातेवाईक हमखास बिथरतात: मधुमेहाच्या पोराला साखर चढवताय? पण लढाई आता साखरेशी उरलेली नसते, कीटोनशी असते. चूल विझेपर्यंत इन्शुलिन चालू ठेवायचं आणि ते चालू असताना साखर तळाला जाऊ नये म्हणून वरून ग्लुकोज द्यायचं.

सगळ्यात मोठं भय मेंदूला सूज येण्याचं. डीकेएच्या शंभरात एखाद्या मुलाला ती येते, पण डीकेएने होणाऱ्या मुलांच्या मृत्यूंत तिचा वाटा सर्वांत मोठा. डोकं दुखू लागणं, शुद्धीवर येत असलेलं मूल पुन्हा पेंगणं, नाडी मंदावणं या तिच्या खुणा. सलाइन भरभर दिल्याने सूज येते असं अनेक वर्षं मानलं जाई. 2018 मध्ये अमेरिकेतल्या तेरा रुग्णालयांनी मिळून केलेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे 1,400 प्रसंगांत वेगवान आणि संथ सलाइन ताडून पाहिलं, तेव्हा मेंदूच्या इजेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे सुकलेल्या मुलाला पाणी द्यायला घाबरणं कमी झालं. दर तासाला साखर, शुद्ध आणि नाडी तपासण्याची गरज मात्र तशीच राहिली.

म्हणून असं मूल गल्लीतल्या दवाखान्यात एक बाटली लावून घरी पाठवण्यासारखं नसतं. तळोज्याच्या माणसाला पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ, परळचं वाडिया बाल रुग्णालय बरंच लांब. मूल पेंगत असेल तर रिक्षा शोधत बसण्यापेक्षा 108 फिरवावा. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे.

साखर उतरते तेव्हा

निदान झालं, इन्शुलिन सुरू झालं, मूल घरी आलं. आता संकट दुसऱ्या टोकाला. इन्शुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, किंवा मैदानावर दोन तास धुमाकूळ घातला, की साखर 70 च्या खाली जाते. घाम, थरथर, भूक, चिडचिड. मग बरळणं, शेवटी झटके. डीकेए चढायला तास किंवा दिवस लागतात, हे मिनिटांत होतं.

उपाय हाताशी असतो: साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर. मापही साधं, वजनाच्या दर किलोमागे 0.3 ग्रॅम. वीस किलोला सहा ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा; मोठ्या मुलाला पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर तेवढीच साखर परत. घरात पेढा असतो, चॉकलेट असतं, पण ही त्यांची वेळ नाही. तूप आणि स्निग्ध पदार्थ साखरेला पोटात रेंगाळत ठेवतात. टाइप वनची मुलं गोळ्या, खाऊ आणि पाणी परीक्षेच्या हॉलमध्ये नेऊ शकतात असं सीबीएसईने 2017 मध्ये लेखी कळवलं, ते याच पंधरा मिनिटांसाठी.

आपल्याकडची एक खास खोच इथे सांगायलाच हवी. भारतात बाटलीतलं इन्शुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचं असतं, पेनमधलं 100 युनिटचं. सिरिंजही दोन जातींच्या, लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. 100 चं औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो. उलट अदलाबदल झाली तर अडीचपट कमी पडतो, आणि मूल पुन्हा डीकेएच्या वाटेला लागतं. औषधाच्या दुकानात दोन्ही सिरिंज शेजारी शेजारी टांगलेल्या असतात.

इन्शुलिनचा पुरवठा खंडला तरी तेच होतं. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) डॉ. अर्चना सारडा यांची उडान ही संस्था गरीब घरांतल्या टाइप वन मुलांसाठी उभी राहिली, ती ही खंडणारी साखळी जोडायला. कारण रोजच्या इन्शुलिनचा खर्च एका महिन्यात थकला तर चूल पुन्हा पेटते. 23 जानेवारी 1922 ला टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला शुद्ध केलेलं इन्शुलिन टोचलं गेलं आणि त्याची 520 ची साखर 120 वर आली. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवून काही महिने ढकलणं, एवढंच हाती होतं. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला.

चौकट: माहीत असलेल्या मधुमेहात मूल आजारी पडलं तर

— खात नाही म्हणून इन्शुलिन बंद करू नये. तापात, संसर्गात गरज बहुधा वाढते. डोस किती, हे डॉक्टरांना फोन करून ठरवावं.
— साखर दर दोन-तीन तासांनी, कीटोन दिवसातून अनेकदा तपासावेत.
— घोट-घोट पाणी चालू ठेवावं.
— उलट्या थांबत नाहीत, श्वास खोल झालाय किंवा पेंग येतेय: थेट रुग्णालय.
— बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावं, 108 ला फोन करावा. डॉक्टरांनी साखर चढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊन ठेवलं असेल तर ते टोचावं.

आजीची उन्हाळी

आता उरलेली शक्यता, जंतूंची. ‘उन्हाळी लागली’ म्हणताना आजी जे वर्णन करते, थेंब थेंब, जळजळ, वारंवार, ते कधीकधी नुसतं कमी पाणी प्यायल्याने, घट्ट लघवीमुळे होतं आणि धन्या-जिऱ्याच्या पाण्याने उतरतंही. अर्थात काम पाणी करतं. पण बऱ्याचदा तो जंतुसंसर्ग असतो.

जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा. शीच्या जागेपासून लघवीच्या छिद्रापर्यंतचं अंतर मुलींत अगदी थोडं आणि तिथून मूत्राशयाची वाटही आखूड. एका स्वीडिश पाहणीत सातव्या वर्षापर्यंत सुमारे आठ टक्के मुलींना आणि दोन टक्क्यांहून कमी मुलांना असा संसर्ग होऊन गेलेला दिसला. पहिल्या काही महिन्यांत मात्र मुलगे पुढे असतात.

जंतूंना हुसकवायची मूत्राशयाची तऱ्हा साधी आहे: भरा, संपूर्ण रिकामं करा, पुन्हा भरा. वाहत्या ओढ्यात शेवाळ धरत नाही, डबक्यात धरतं. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा ढोबळ हिशेब वयात दोन मिळवून तीसने गुणायचं: सहा वर्षांच्या मुलाचं 240 मिलिलिटर. एवढं घेऊन शाळेचे सहा तास काढणारी मुलं असंख्य आहेत, कारण शाळेच्या संडासाचा वास, तुटकी कडी, किंवा “आत्ताच तर सुट्टी झाली” म्हणणाऱ्या बाई. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं मलाशय मागून मूत्राशयाला दाबतं, ते नीट रिकामं होत नाही आणि डबकं कायम राहतं. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलीला डॉक्टर शीबद्दल इतके प्रश्न का विचारतात, याचं उत्तर इथे आहे.

तान्ह्या बाळाला जळजळ सांगता येत नाही. त्याला नुसता ताप येतो, ते दूध सोडतं, ओकतं, वजन घेत नाही. घरचे म्हणतात दात येताहेत. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप उतरत नाही, अशा बाळाची लघवी तपासलीच पाहिजे, कारण जंतू वर मूत्रपिंडात पोचले तर तिथे व्रण राहू शकतात. काही मुलांत मूत्रनलिका मूत्राशयात शिरते तिथली झडप कच्ची असते आणि लघवी उलटी वर चढते. संसर्ग झालेल्या मुलांत ही खोड साधारण तिघांत एकाला सापडते. म्हणून पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी सांगतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा 607 मुलांपैकी निम्म्यांना दोन वर्षं रोज थोडं प्रतिजैविक दिलं. त्यांच्यात संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले, पण मूत्रपिंडावरचे व्रण कमी झाले नाहीत. सरसकट सगळ्यांना वर्षानुवर्षं औषध देण्याचा उत्साह त्यानंतर ओसरला.

निदानाची खरी कसोटी ‘कल्चर’, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं. गंमत अशी की ती बऱ्याचदा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडते. ई. कोलाय उबेत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी बाटली भरून आईने खिडकीत ठेवली आणि दोन तासांनी दिली, तर अंगावरून चुकून पडलेला एक जंतू चौसष्ट होऊन बसतो आणि निरोगी मूल कागदोपत्री आजारी ठरतं. तासाभरात देता येत नसेल तर बाटली घट्ट बंद करून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची. आजी नाक मुरडणारच. बाळाला चिकटवायच्या पिशवीतली लघवी कल्चरसाठी जवळपास निरुपयोगी, कारण कातडीवरचे जंतू त्यात धुऊन येतात. कल्चरची लघवी नेहमी प्रतिजैविकाचा पहिला घोट देण्याआधी घ्यायची. ताप असलेल्या संसर्गात औषध साधारण सात ते दहा दिवस चालतं, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी जपून ठेवणं, ही जंतूंना सरावाची संधी.

पट्टीवरचे चौकोन

दोन्ही वाटा जिथे एकमेकींत घुसतात ती जागा सर्वांत फसवी. मधुमेह झालेल्या मुलीच्या लघवीत साखर असते आणि साखरेवर बुरशी पोसते. शूच्या जागी खाज सुटते, लाली येते, लघवी करताना आग होते. सगळे म्हणतात ‘युरिन इन्फेक्शन’. प्रतिजैविक सुरू होतं, पाच दिवस जातात. या पाच दिवसांत आत चूल धुमसत असते. कधी दोन्ही आजार खरोखरच एकत्र असतात आणि संसर्गच मधुमेहाच्या मुलाला डीकेएत ढकलतो.

गाठ सोडवायला कागदाची पट्टी पुरते. पूर्वी दवाखान्यांत बेनेडिक्टचं निळं द्रावण असायचं. लघवीचे थेंब टाकून उकळायचं; साखर असेल तर निळं हिरवं, पिवळं होत विटकरी व्हायचं. 1956 मध्ये अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याच्या कामातून ‘बुडवा आणि वाचा’ अशी पट्टी आली. आजच्या पट्टीवर ओळीने रंगीत चौकोन असतात: साखर, कीटोन, पांढऱ्या पेशींची खूण, नायट्राइट. पहिले दोन मधुमेहाबद्दल बोलतात, नंतरचे दोन जंतूंबद्दल. नायट्राइटला एक मर्यादा आहे. जंतूंना ते बनवायला लघवी मूत्राशयात काही तास साठलेली लागते, त्यामुळे सारखी शू करणाऱ्या बाळात तो चौकोन कोरा राहिला तरी निर्धास्त होता येत नाही. चीड आणणारी गोष्ट वेगळीच. पट्टी बुडवली जाते, ‘इन्फेक्शन’चे चौकोन वाचले जातात आणि त्याच पट्टीवरचा साखरेचा गडद झालेला चौकोन कुणी बघतच नाही.

इटलीतल्या पार्मा प्रांताने नव्वदच्या दशकात एक साधा उद्योग केला. शाळांमध्ये आणि मुलांच्या डॉक्टरांकडे भित्तीपत्रकं लावली. विषय एकच: कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय का? डॉक्टरांना ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पुरवल्या. त्याआधी नव्याने मधुमेह कळलेल्या तिथल्या 78 टक्के मुलांना निदानाच्या वेळीच डीकेए झालेला असायचा. मोहिमेच्या वर्षांत हे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर आलं. आपल्याकडे तर मुहूर्तही आयता आहे. इन्शुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिन, 14 नोव्हेंबरला. त्याच दिवशी बालदिन. शाळा भरलेली असते, पालक बोलावलेले असतात, भिंतीही मोकळ्या असतात.

फेज वनमधल्या त्या मुलीला आई तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते. मुंग्यांचं तिने बोलता बोलता, जाताजाता सांगितलेलं असतं. बाई प्लास्टिकच्या कपात पट्टी बुडवतात आणि घड्याळाकडे बघतात. नायट्राइटचा चौकोन पांढराच राहतो. साखरेचा गडद तपकिरी होतो. कीटोनचा जेमतेम गुलाबी. बोट टोचून बघितलं तर 410. चिठ्ठी लिहून होईपर्यंत मुलगी टेबलावरचा शिक्का कागदावर उमटवत बसलेली असते, आणि रुग्णालयाच्या पायऱ्या ती आईचं बोट धरून स्वतः चढते.